कृष्णगिरीचे पाणी

मुंबईत ज्या वस्तीच्या नावात टेकडी असते, तेथे ती बहुधा शोधावी लागते. आमच्या अँटॉप हिलचेच पाहा. सरकारी नोकरांच्या वसाहती, त्यांच्या पाठीशी दाटलेली घरे, अलीकडे उठलेले मनोरे आणि मोनोरेलचे खांब यांतून वाट काढीत एखादा चिकित्सक पाहुणा ‘हिल’ कोठे आहे म्हणून विचारू लागला, तर त्याला उत्तर देणे कठीण पडते. कारण टेकडीच्या अंगावर वस्ती इतकी चढली आहे, की चढ लागल्याचे ज्ञान डोळ्यांना न होता पोटऱ्यांना होते. टेकड्या फोडून त्यांच्या दगडमातीने खाड्या बुजवायच्या, हा या शहराचा जन्मापासूनचा उद्योग. त्यातून जे उंचवटे बचावले, त्यांपैकी आमच्या शेजारचा एक म्हणजे शीवचा किल्ला. 1669 ते 1677 या काळात, जेरॉल्ड ऑन्जियरच्या अमदानीत, इंग्रजांनी तो बांधला, तेव्हा त्यांच्या मुलुखाची सरहद्द येथेच संपत होती. खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांची होती, आणि त्या साष्टीच्या मध्यभागी, घनदाट अरण्याने वेढलेला कृष्णगिरी, म्हणजे आजचा कान्हेरीचा डोंगर, उभा होता.

तो अद्याप उभा आहे, आणि अरण्यासह उभा आहे, ही गोष्ट मला नेहमीच विस्मयकारक वाटत आली आहे. सुमारे शंभर चौरस किलोमीटरांचे, बिबळे बाळगणारे रान एखाद्या महानगराच्या ऐन कुशीत टिकून राहते, ते कोणाच्या पुण्याईने? सौंदर्यदृष्टीने म्हणावे, तर तिचा प्रत्यय या नगरीने फारसा कोठे दिलेला नाही. धर्मबुद्धीने म्हणावे, तर कान्हेरीच्या लेण्यांतून भिक्षू निघून गेल्यास कित्येक शतके लोटली. माझ्यापुरते उत्तर मला सापडले ते पाण्यात, आणि त्याचे श्रेय माझ्या भाच्याकडे जाते. तो पाणीपुरवठ्याच्या कामातला अभियंता आहे, आणि कोणतीही प्राचीन वास्तू पाहताना तिचा उतार कोणीकडे आहे, ही त्याची पहिली पृच्छा असते.

पाऊस नुकताच ओसरला होता. वडाळ्याहून हार्बरने अंधेरी, तेथून बोरिवली, असा प्रवास करून आम्ही राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजाशी पोहोचलो आणि लेण्यांपर्यंत जाणाऱ्या गाडीत बसलो. सहा-सात किलोमीटरांचा तो रस्ता ज्यास चालवत असेल त्याने पायीच जावे. उतरण्याच्या जागी पाड्यावरच्या बायका काकड्या, पेरू आणि आवळे मांडून बसल्या होत्या. काकडी उभी चिरून तीत तिखटमीठ भरता भरता एकीने आम्हांला बजावले, ‘‘बाबा, पिशवी आत घ्या. माकडं हातातून नेतात.’’ तिच्या पूर्वजांची वहिवाट या रानात कोणत्याही सरकारच्या दप्तरापेक्षा जुनी. तरीही अतिक्रमणाच्या प्रश्नाची चर्चा निघाली, की तिच्या पाड्याचा आणि डोंगर पोखरून उठलेल्या वसाहतींचा उल्लेख एकाच दमात केला जातो, हा न्याय मला कधीच पटलेला नाही.

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारभर वर्षे येथे छिन्नी चालत होती. बहुतेक प्रवासी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात जातात, व्हरांड्याच्या दोन टोकांस उभ्या असलेल्या प्रचंड बुद्धमूर्तींपुढे छायाचित्रे काढतात, अकराव्या क्रमांकाच्या सभागृहातील लांबलचक दगडी बाकांवर क्षणभर टेकतात आणि परततात. चैत्यगृह भव्य आहे, यात वाद नाही. कार्ल्याच्या चैत्याचे अनुकरण करताना कारागिरांचा हात मात्र थोडा आखडलेला दिसतो. कान्हेरीचे खरे वैभव वरच्या अंगास आहे. खडकातच खोदलेल्या पायऱ्यांनी चढत गेले, की लहान लहान विहारांच्या रांगा लागतात: एक ओटी, एक खोली, तीत निजण्यापुरता दगडी ओटा, आणि बहुतेक प्रत्येकाच्या अंगणात, एका बाजूस, पाण्याचे टाके.

अशा एका टाक्याशी भाचा पालथा पडून आत पाहू लागला. तोंड जेमतेम हातभर रुंद, काठ घासून गुळगुळीत झालेला, आणि आत अंधारात थंडगार, स्थिर पाणी. ‘‘मामा, तोंडावर जाऊ नका,’’ तो म्हणाला, ‘‘खाली हे खोलीएवढं पसरलंय.’’ मग त्याने वर बोट दाखविले. विहाराच्या माथ्यावरच्या कातळात बोटभर खोल पन्हळ कोरलेली होती; ती दर्शनी भिंतीच्या कडेने तिरपी उतरत होती आणि टाक्याच्या तोंडाशी संपत होती. डोंगरमाथ्यावर पडणारा पाऊस खोलीत शिरू नये आणि वायाही जाऊ नये, ही दोन्ही कामे त्या एका रेषेने साधली होती. वरचे टाके भरले, की पाणी ओसंडून खालच्याकडे वळते. त्याच्या भाषेत, येथे चावीवाल्याचे काम उतार करतो. आमच्या वसाहतीत पाण्याची वेळ चुकली तर चावीवाल्याच्या नावाने जो उद्धार होतो, तो आठवून मला त्या अज्ञात पाथरवटांविषयी आदर वाटला.

या टाक्यांच्या काठी जो इतिहास कोरला आहे, तो मोठमोठ्या प्रशस्तींत सापडावयाचा नाही. पाचव्या क्रमांकाच्या लेण्याजवळ एक त्रुटित संस्कृत लेख आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही कार्दमक कुळातील, एका महाक्षत्रपाची कन्या होती, असे त्यात म्हटले आहे. महाक्षत्रपाच्या नावाचे पहिलेच अक्षर शिल्लक असले, तरी तो रुद्रदामन असावा, असे विद्वान मानतात. गिरनारच्या शिलालेखात हाच रुद्रदामन सांगतो, की दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा जिंकले, पण नाते जवळचे म्हणून त्याचा उच्छेद केला नाही. सातवाहन आणि क्षत्रप या दोन हाडवैरी घराण्यांतील सोयरिकीचा दाखला आज आपल्या हाती आहे तो कशामुळे? सतेरक नावाच्या अमात्याने येथे भिक्षूंसाठी पाण्याचे एक टाके खोदविले आणि दान नोंदविताना राणीसाहेबांचे कुळ लिहून ठेवले, म्हणून. राजेरजवाड्यांचे करार झिजून गेले. टाक्याची नोंद राहिली.

दाते सारे राजपुरुष होते असेही नाही. कल्याणचा सोनार आहे, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे व्यापारी आणि गृहस्थ आहेत. कोणी मागाठाण्याच्या परिसरातले शेत लावून दिले, कोणी अक्षयनीवी म्हणून रक्कम ठेवली, की मुद्दल अभंग राहावे आणि व्याजातून भिक्षूंस चीवरे मिळावीत. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक शिलाहार कोकणावर असताना, अविघ्नाकर नावाचा एक उपासक थेट गौड देशाहून येथे आला आणि त्याने शंभर द्रम्म ठेवले. बंगालचा मनुष्य बोरिवलीच्या डोंगरात पैसे गुंतवितो, यावरून या संस्थेची पत केवढी होती, याची कल्पना यावी. पुढे 1009 आणि 1021 साली आलेल्या पारशी मंडळींनी नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. भिंतीवर नाव लिहिण्याची खोड निंद्य खरी. परंतु हजार वर्षे टिकली, की तिलाही पुरातत्त्व खात्याचे संरक्षण लाभते.

त्यानंतर लेणी ओस पडली, आणि पाणी मात्र डोंगरात मुरत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या विहिरी आणि तलाव वाढत्या वस्तीला पुरेनासे झाले, तेव्हा कंपनी सरकारची नजर याच डोंगरांकडे वळली. हेन्री कॉनिबेअरच्या योजनेप्रमाणे मिठी नदीच्या उगमाकडील खोरे अडवून विहार तलाव 1860 मध्ये पुरा झाला; 1879 मध्ये तुळशी तलावाची त्यात भर पडली. तलाव म्हटला, की त्याचे पाणलोट आले, आणि पाणलोटात नांगर, गुरे, वखारी, वसाहत यांना मनाई आली. तलावांसाठी गावे उठविली गेली, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु कृष्णगिरीच्या माथ्यावरचे जंगल राहिले ते या मनाईच्या छायेखाली. राष्ट्रीय उद्यानाची पाटी फार पुढची. भिक्षूंनी डोंगर राखला तो टाक्यांसाठी, आणि साहेबाने राखला तो नळासाठी.

आज मुंबईचे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरच्या खोऱ्यांतून येते, आणि विहार-तुळशीचा वाटा त्यापुढे अगदीच अल्प. तेव्हा ज्या गरजेने हे अरण्य राखले, ती गरजच पातळ झाली आहे, असे मी भाच्याला म्हणालो. तो हसून म्हणाला, ‘‘मामा, मिठी कुठून येते ते विसरलात काय?’’ विहार आणि पवई भरून वाहिले, की ते पाणी कुर्ला, शीव, धारावी यांना वळसा घालून माहीमच्या खाडीस जाते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तिच्या काठच्या वस्त्यांनी हा भूगोल गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून शिकून घेतला. डोंगरावरच्या झाडांनी आणि मातीने जेवढे धरले, तेवढे खाली कमी आले, एवढा हिशेब समजावयास अभियंता असण्याची गरज नाही.

पोर्तुगीज बखरकार दियोगु दु कोउतु याने कान्हेरीविषयी एक मौजेची हकिकत नोंदविली आहे. या डोंगरातील भुयार पार खंबायतेपर्यंत जाते, अशी वदंता ऐकून अंतोनियु दु पोर्तु नावाचा एक पाद्री, बरोबर माणसे, दोर आणि शिधा घेऊन आत शिरला, सात दिवस चालला, आणि अंत न लागल्यामुळे शिधा संपण्याच्या भयाने परतला. त्याच डोंगररांगेखालून आता बोरिवलीहून ठाण्यास जाणारा, सुमारे 10 किलोमीटरांचा जुळा बोगदा खणला जात आहे. पाद्रीबाबांचे अपुरे राहिलेले काम यंत्राच्या साहाय्याने तडीस जाईल, तासाभराची वाट काही मिनिटांवर येईल, आणि घोडबंदरच्या रस्त्यावर रोज खोळंबणारा माणूस दुवा देईल. त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मात्र ते यंत्र खालून जात असताना वरच्या टाक्यांची आणि झऱ्यांची पाणीपातळी दर महिन्यास कोणी मोजणार आहे काय, आणि तो आकडा कोणत्या कचेरीत पाहावयास मिळेल, हे भाच्याने चौकशी करून मला कळवावे, असे मी त्याला परतीच्या गाडीत सांगून ठेवले आहे.