जुन्या बंदुकांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे इतका पवित्र मानला गेला आहे कीं, त्याच्या नांवाखालीं काय काय चालतें हें पाहण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. हेमाडपंती देवळाच्या काळ्या पाषाणावर ऑइलपेंटचे तीन हात चढवावे, गाभाऱ्यांत न्हाणीघराच्या फरशा बसवाव्या, झिजलेल्या द्वारपालाचें नाक सिमेंटनें नवें करावें आणि बाहेर देणगीदारांच्या नांवांची संगमरवरी पाटी लावावी, म्हणजे जीर्णोद्धार पुरा झाला! या प्रकाराविरुद्ध आजवर पुष्कळांनीं लिहिलें आहे. त्याचा परिणाम किती झाला तें कोणत्याही तीर्थक्षेत्रीं जाऊन पाहावें. आम्हांस आज ज्या जीर्णोद्धाराविषयीं लिहावयाचें आहे तो देवळांचा नसून बंदुकांचा आहे. वाङ्मयाच्या मासिकांत बंदूक कशाला, असें कोणी विचारील. परंतु जिच्याबद्दल आम्ही बोलणार आहों ती ली-एन्फील्ड रायफल या देशांत शतकभर वावरली. आणि तिच्या अंगावर इतका मजकूर कोरलेला असतो कीं, तिला एक दस्तऐवज म्हणण्यास हरकत नाहीं. दस्तऐवजावर कोणी काचकागद घासूं लागला तर त्याचा हात धरणें हें वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचेंच काम आहे.

इंग्लंड, अमेरिका, कानडा, ऑस्ट्रेलिया या देशांत जुन्या लष्करी रायफली जमविणारांचा मोठा वर्ग आहे. त्यांच्या छंदाबद्दल आम्हांस आदरच वाटतो. सरकारांनीं भंगारांत काढलेलें किती तरी त्यांनीं राखलें, आणि या रायफलीच्या बारीकसारीक फरकांचा अभ्यास जितका या हौशी मंडळींनीं केला आहे तितका विद्यापीठांनीं केलेला नाहीं. परंतु याच वर्गांत एक पंथ असा आहे कीं, जुनी वस्तु हातीं आली कीं ती कारखान्यांतून काल निघाल्यासारखी दिसेपर्यंत त्याला झोंप येत नाहीं. तो दस्त्याचें लाकूड घासतो, त्यावर आरशासारखें वार्निश चढवितो, पोलाद चाकावर धरून चकचकीत करतो, त्याला नवा निळसर काळा रंग देतो, आणि मग पूर्वीचें चित्र व नंतरचें चित्र शेजारीं शेजारीं ठेवून लोकांची वाहवा मिळवितो. आमचें भांडण या पंथाशीं आहे.

ही रायफल म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. स्कॉटलंडांत 1831 सालीं जन्मलेल्या व कानडांत वाढलेल्या जेम्स पॅरिस ली या कारागिराची बोल्टची रचना आणि लंडनच्या उत्तरेस असलेल्या एन्फील्डच्या सरकारी कारखान्याची नळी, यांच्या संयोगानें 1895 सालीं ही जन्मास आली. तिच्या आधींच्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळींतील सर्पिल खाचा उथळ असत आणि कॉर्डाइट नांवाच्या नव्या दारूच्या उष्णतेनें त्या लौकर झिजत. म्हणून खोल खाचांची नळी आली. बोअर युद्धानंतर पायदळाची लांब रायफल आणि घोडदळाची आंखूड, असा भेद काढून टाकून दोघांसही चालेल अशी पंचवीस इंची नळीची आंखूड रायफल करण्यांत आली. 1907 सालची ‘मार्क तीन’ ती हीच. नळीचें तोंड .303 इंचाचें आणि मॅगझीनमध्यें दहा काडतुसें. एन्फील्ड, बर्मिंगहॅम, लंडन, ऑस्ट्रेलियांतील लिथगो आणि कलकत्त्यानजीकचें इशापूर इतक्या ठिकाणीं ती होत असे. दुसऱ्या महायुद्धांत ‘नंबर चार’ ही सुधारलेली आवृत्ति आली; तीपैकीं अमेरिकेंत तयार झालेल्या रायफलींवर ‘अमेरिकेची मालमत्ता’ अशा अर्थाचीं अक्षरें आहेत, कारण त्या इंग्लंडला उधार म्हणून दिलेल्या होत्या. इशापूरनें तर इंग्रज गेल्यानंतरही हें काम चालू ठेवलें, आणि 1962 च्या चीनशीं झालेल्या युद्धानंतर याच रचनेवर 7.62 मिलिमीटरची रायफल काढली.

आतां ही रायफल वाचावी कशी तें पाहा. दस्त्याच्या गळ्याशीं जी पोलादी पट्टी असते तिच्यावर राजमुकुट, राजाच्या नांवाचीं आद्याक्षरें, कारखान्याचें नांव, सन आणि मार्क इतकें एका दृष्टिक्षेपांत मिळतें. तोच क्रमांक सांगाड्यावर, नळीवर, बोल्टवर, नेम धरण्याच्या पट्टीवर आणि तोंडाच्या टोपणावर असेल तर हे सर्व भाग जन्मापासून एकत्र आहेत असें समजावें. क्रमांक निराळे असतील तर मध्यंतरीं कोणत्या तरी लष्करी कारखान्यांत ती उघडली गेली. जुन्या दस्त्यांत उजव्या बाजूस एक पितळी चकती बसविलेली असे आणि तिच्यावर पलटणीचें नांव व फळीवरचा क्रमांक ठोकीत. 1916 सालीं युद्धाच्या घाईंत काटकसर म्हणून ज्या गोष्टी गाळल्या त्यांत ही चकतीही गेली. म्हणून ती असणें किंवा तिच्या जागीं नुसतें कोरें लाकूड असणें हाही पुरावाच होय. मॅगझीनच्या पुढें लाकडांतून आडवा गेलेला एक जादा स्क्रू दिसला तर रायफल हिंदुस्थानांत दुरुस्त झाली आहे असें जाणकार सांगतो. नळीभोंवतीं तार गुंडाळलेली असेल तर ती हातगोळा फेकण्यासाठीं निराळी काढून ठेवलेली होती. सैन्यांतून विकली गेली कीं टोंकास टोंक लावलेल्या दोन बाणांचा शिक्का बसे. इतक्या अक्षरांचा ताम्रपट आमच्या संशोधकांस सांपडला असता तर त्यांनीं त्यावर प्रबंध लिहिला असता!

आणि जो मजकूर कारखान्यानें कोरलेला नाहीं तो याहूनही मोलाचा आहे. खांद्याला लागून काळवंडलेलें लाकूड, बोल्टच्या मुठीवर हातानें उतरलेला रंग, संगिनीच्या कडीपाशीं पडलेला घट्टा, दस्त्यावर चाकूनें कोरलेलें एखादें आद्याक्षर किंवा रेघांची रांग, यांना विक्रीच्या यादींत ‘दोष’ म्हणतात. 1915–16 सालीं कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत पुण्याच्या नांवाची सहावी डिव्हिजन अडकली होती, आणि तींत मराठ्यांच्या पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 रोजीं ती सेना शरण गेली. सेनापतींचीं चरित्रें झालीं, कमिशनांचे अहवाल झाले, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या रोजनिश्या छापल्या गेल्या. कोंकणांतून व देशावरून गेलेल्या शिपायानें स्वतःच्या हातानें मागें काय ठेवलें? त्यांतील पुष्कळांस लिहितां येत नव्हतें. अशा माणसांच्या हाताची खूण राहिली असेल तर ती लाकडावर आणि लोखंडावर राहिली आहे. ती दोन रुपयांच्या काचकागदानें पुसून तिच्या जागीं चकाकी आणणाऱ्यास आम्ही रसिक म्हणावें काय? राजवाड्यांनीं 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापावयास घेतलीं, तेव्हां त्यांनीं दप्तरांतील मोडीचे कागद ‘शुद्ध’ करून आणि सुवाच्य अक्षरांत उतरवून मूळ कागद चुलींत घातले असते, तर त्यांचें नांव आपण आज कोणत्या तोंडानें घेतलें असतें?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग काय रायफल गंजूं द्यावी? मुळींच नाहीं. तांबडा, बोटास लागणारा गंज हा इतिहास नव्हे. तो इतिहास खाणारा किडा आहे आणि त्याला मारलाच पाहिजे. पण त्यासाठीं चाक नको. तेलांत भिजवून ठेवावें, अगदीं बारीक पोलादी लोकरीनें हलक्या हातानें पुसावें, आणि खालचा जुना तपकिरी थर दिसूं लागतांच थांबावें. कोठारांत ठेवतांना चोपडलेली घट्ट चरबी लाकडांत मुरलेली असते, ती उष्णतेनें हळूहळू बाहेर काढावी. लाकडास खोंच पडली असेल तर ओलें फडकें ठेवून वरून इस्त्री फिरवावी, म्हणजे दबलेले तंतु वाफेनें फुगतात. लाकूड खरडावें लागत नाहीं. नंतर अळशीचें तेल तळहातानें चोळून जिरवावें. इंग्रज सैन्यांत अक्रोडाच्या दस्त्याला हेंच तेल असे, वार्निश नसे. जुन्या .303 काडतुसांच्या टोपींत पोटॅशचें क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचें मीठ नळींत राही, तें हवेंतील ओल ओढी आणि रातोरात गंज चढे. म्हणून त्या काळचा शिपाई नळींत उकळतें पाणी ओती, कारण मीठ तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतें. आज दुकानांत मिळणाऱ्या सुगंधी द्रावणांच्या बाटल्यांपेक्षां त्या अडाणी शिपायाचें रसायनशास्त्र अधिक पक्कें होतें. या सर्व खटपटीला पैसा जवळजवळ लागत नाहीं, वेळ मात्र फार लागतो. आणि नवेपणाच्या पंथाला ही गोष्ट आवडत नाहीं असा आमचा संशय आहे.

दुसरा आक्षेप मालकीचा. वस्तु माझी, मी वाटेल तें करीन! करावें, कायदा आड येत नाहीं. पण मग ‘जतन’ हा शब्द तरी वापरूं नये. शिवाय या स्वातंत्र्याचें एक टोंक दुसऱ्याच्या डोळ्यांत जातें. क्रमांक जुळले कीं किंमत वाढते. तेव्हां परक्या बोल्टवरचा क्रमांक घासून त्या जागीं हवा तो ठोकण्याची कला निघाली आहे. ही नुसती लबाडी नव्हे. बंद झालेला बोल्ट आणि काडतुसाची बैठक यांमधील अंतर सुताइतकें बरोबर असावें लागतें; ‘नंबर चार’च्या बोल्टचीं डोकीं याचसाठीं शून्यापासून तीनपर्यंत चार मापांचीं केलेलीं होतीं. परका बोल्ट निमूटपणें बसतो, बाहेरून शोभतोही, आणि अंतर जास्त असेल तर पितळी काडतूस नेम धरणाऱ्याच्या गालाशीं फुटतें. निराळा क्रमांक निदान सावध तरी करीत होता. खैबरच्या बाजूचे कारागीर व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षरांखालीं ती वारल्यानंतरचा सन कोरीत म्हणून पाश्चात्य ग्राहक हंसतात. त्या कारागिरांस इंग्रजी येत नव्हतें. यांना येतें, एवढाच फरक.

दुसऱ्या महायुद्धानंतर हजारों रायफली कवडीमोलानें विकल्या गेल्या आणि शिकाऱ्यांनीं त्यांचें पुढचें लाकूड कापून टाकलें. आतां तीं लांकडें पुन्हां मिळवून त्या पूर्ववत् करण्याची चळवळ आहे. येथें आमचें मत थोडें मऊ आहे. जें तोडलें तें जोडण्यास हरकत नाहीं. मात्र भाग त्याच कारखान्याचे व काळाचे असावे, नवा शिक्का एकही नसावा, आणि काय जोडलें याचा कागद रायफलीबरोबर राहावा. कागद न ठेवणारा दुरुस्ती करीत नाहीं, वेषांतर करतो. 2003 च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलेखान्यांतून मार्टिनी-हेन्री, स्नायडर आणि नेपाळांत बनलेल्या गहेंद्र रायफलींचा प्रचंड सांठा परदेशीं व्यापाऱ्यांनीं विकत घेतला. त्यांतील कित्येकांवर देवनागरी अक्षरें व आंकडे आहेत. ज्याला ती लिपि येत नाहीं त्याला तो नुसता ओरखडा वाटल्यास नवल नाहीं, आणि ओरखड्यावर त्याचा इलाज आपणांस माहीत आहे.

हत्यार तें हत्यार, वितळवून टाका म्हणजे झालें, असें म्हणणारे सज्जनही आहेत. त्यांच्या अहिंसेबद्दल आम्हांस शंका नाहीं. पण मग फांशींचे खांब, तुरुंगाच्या कोठड्या आणि गुलामांच्या बेड्या संग्रहालयांत कशासाठीं ठेवतात याचें उत्तर त्यांनीं द्यावें.

आपल्या देशांत प्रश्न उलट आहे. सामान्य माणसास .303 चा परवाना सहसा मिळत नाहीं, आणि तो मिळावा असें आमचें म्हणणेंही नाहीं. 1959 च्या शस्त्रांच्या कायद्यांत जुन्या घडणीच्या वा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट आहे, पण तें दुरुस्त करूनही चालूं शकणार नाहीं अशा स्थितींत असलें पाहिजे. ही अट आम्हांस जाचक वाटत नाहीं. नळी आंतून बंद केली तरी पट्टीवरचा सन, चकतीवरची पलटण आणि लाकडावरचा घट्टा जागच्या जागीं राहतात; सरकारचा वेल्डर त्या हौशी पंथाइतका विध्वंस करीत नाहीं! जी वस्तु लंडनच्या लिलावांत पुरातन म्हणून विकली जात होती तीच मुंबईस 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीं छत्रपति शिवाजी टर्मिनसवर कांहीं शिपायांच्या हातीं होती, आणि समोर स्वयंचलित बंदुका होत्या. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं तिला 2020 सालच्या प्रजासत्ताकदिनीं समारंभानें निरोप दिला. निरोप उशीरां दिला हें खरेंच. पण निरोपानंतर त्या कोठें जातात, आणि जातांना त्यांच्यावरचा मजकूर कोणी उतरून घेतो काय, हें विचारलें पाहिजे.

आमची मागणी लहान आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या शस्त्रागारांत निघालेल्या रायफलींपैकीं निदान एक, न घासतां, न रंगवितां, आंतून बंद करून, जिल्ह्याच्या वा जवळच्या सरकारी संग्रहालयांत ठेवावी. आणि बाकीच्या भट्टींत जाण्यापूर्वीं एकेकीचें एक पान लिहावें. कारखाना, सन, मार्क, सर्व भागांचे क्रमांक, दस्त्यावरच्या खुणा, आणि ती शेवटीं कोणत्या ठाण्यांत कोणाच्या नांवावर होती तें. हें काम इतिहास शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस एका उन्हाळ्यांत करतां येईल. त्यांना एक भिंग, एक वही आणि शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याची परवानगी एवढेंच लागेल. काचकागद बरोबर नेऊं देऊं नये.