पूर्णतेचा आग्रह

आपल्या पेढ्यांवर चूक म्हणून होताच कामा नये, असा आग्रह पुष्कळदा धरला जातो. त्यामागील हेतू शुद्ध आहे. परंतु त्याचे फळ नेहमीच शुद्ध असते, असे आम्हांस वाटत नाही. चुकीबद्दल चारचौघांत अपमान होणार, हे ठाऊक असलेला मुनीम पुढे चूक झाकावयास शिकतो. रोजकीर्दीत चुकलेला एखादा आकडा वर्षअखेर ताळेबंदात उघडा पडतो, तोवर त्या चुकीची लबाडी झालेली असते. कीर्द आता संगणकावर गेली, तरी चुकीचा लिहिलेला आकडा तो यंत्रगडी निमूटपणे बेरजेस धरतोच.

आपल्या शास्त्रकारांस मनुष्यस्वभाव पुरता ठाऊक होता. पूर्ण ज्ञान केवलींचे. आपण सारे छद्मस्थ. म्हणून तत्त्वार्थसूत्रात व्रतांबरोबरच प्रत्येक व्रताचे ५ अतिचारही सांगितले आहेत. अतिचार हा व्रतास लागलेला डाग, अनाचार हा व्रताचा भंग. डागाचा भंग होऊ नये म्हणून प्रतिक्रमण आहे. तेही केवळ सांवत्सरिक नव्हे. दैवसिक, रात्रिक, पाक्षिक आणि चातुर्मासिकही आहे.

आमच्या मते पूर्णतेचा खरा अर्थ हाच : दोष त्याच दिवशी दिसावा, बोलला जावा आणि दुरुस्त व्हावा. सायंकाळी रोकडीचा मेळ घालताना शेठजींनी प्रथम आपली चूक सांगावी. मग मुनिमास आपली सांगावयास भय उरणार नाही, आणि पेढीची पतही शाबूत राहील.