चष्मा स्वस्त झाला. मापाची जबाबदारी कोणाची?

नंबरच्या चष्म्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १० नोव्हेंबर रोजी, ऑनलाइन चष्मेविक्रीतून मोठी झालेली लेन्सकार्ट ही कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध झाली. चष्म्याचा व्यवहार कोणत्या दिशेने चालला आहे, हे या दोन घटनांवरून ध्यानी येते. फ्रेम निवडणे, नंबर भरणे आणि पैसे चुकते करणे ही तिन्ही कामे आता मोबाइलवर काही मिनिटांत उरकतात. ग्राहकाचा वेळ वाचतो, निवडीला वाव मिळतो आणि अनेकदा पैसेही वाचतात. मात्र या सोयीबरोबर एक जबाबदारीही दुकानदाराकडून ग्राहकाकडे आली आहे. ती आहे मापाची.

डॉक्टरांची चिठ्ठी आजवर ग्राहक न वाचताच दुकानदारापुढे ठेवत असे. आता तीच त्याला स्वतः वाचावी लागते. चिठ्ठीवरील ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा आणि ‘ओएस’ म्हणजे डावा. ‘एसपीएच’ हा मुख्य नंबर. त्यामागील उणे चिन्ह लांबचे अंधूक दिसणाऱ्यांसाठी असते, तर अधिक चिन्ह त्याच्या उलट दोषासाठी. उणे २ च्या जागी चुकून अधिक २ भरले गेले, तर फरक थेट ४ नंबरांचा पडतो. ‘सीवायएल’ म्हणजे बुबुळाची गोलाई सर्व बाजूंनी सारखी नसल्यास लागणारा नंबर आणि ‘ॲक्सिस’ म्हणजे तो भिंगात कोणत्या कोनात बसवायचा याचा १ ते १८० अंशांमधील आकडा. हा कोन ३० अंशांनी चुकला, तर मूळ दोषाइतकाच दोष चष्मा लावूनही शिल्लक राहतो. चाळिशीनंतर वाचनासाठी लागणारी वाढीव शक्ती ‘ॲड’ या रकान्यात असते.

ऑनलाइन खरेदीत खरी अडचण येते ती चिठ्ठीवर बहुधा नसलेल्या आकड्याची. तो म्हणजे ‘पीडी’, दोन बाहुल्यांमधील अंतर. प्रौढांमध्ये ते साधारणपणे ५४ ते ७४ मिलिमीटर असते. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आला नाही, तर नजर तिरकस वळवल्यासारखा ताण पडतो. पाऊण-एक नंबरच्या भिंगात दोन मिलिमीटरची चूक सहसा जाणवत नाही. सहा नंबरच्या भिंगात तीच चूक डोकेदुखीचे कारण ठरू शकते. प्रोग्रेसिव्ह चष्म्याला तर बाहुलीची उंचीही लागते आणि ती निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर बसवूनच नीट मोजता येते. अमेरिकेत तपासणी संपताच चिठ्ठी रुग्णाच्या हाती देणे १९७८ पासून बंधनकारक आहे. परंतु तेथील केंद्रीय नियमातही ‘पीडी’ देण्याची सक्ती नाही.

गावातील चष्म्याच्या दुकानाचा भाव चढा वाटतो. त्यात हे माप घेण्याची, दांड्या वाकवून देण्याची आणि सैल स्क्रू आवळून देण्याची मजुरी मिसळलेली असते. ती वेगळी आकारून ‘पीडी’ मोजून देण्याची व बाहेरून आलेला चष्मा लेन्सोमीटरवर तपासून देण्याची सेवा या दुकानांनी सुरू केल्यास ग्राहकाचे हित साधेल आणि दुकानालाही काम मिळेल.

गोव्यापुरता याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत येथील प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. रक्तातील साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही बदलू शकतो. मधुमेहाने दृष्टिपटलाला होणारी इजा आणि काचबिंदू यांची लक्षणे आरंभी जाणवतही नाहीत. घरी येऊन वा दुकानात केलेली नंबरची तपासणी हे रोग शोधण्यासाठी नसते. चष्मा घरपोच मिळू लागल्यामुळे नेत्रतज्ज्ञाकडची फेरी टळली, तर वाचलेले पैसे फार महागात पडतील.

कायद्याचा आधार ग्राहकाला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीने तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन तिचे निवारण महिनाभरात करायचे असते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि ग्राहक आयोगाकडे आपल्या राहत्या ठिकाणीही दाद मागता येते. परंतु आकडा ग्राहकानेच चुकीचा भरला असेल, तर त्याची बाजू लंगडी पडते. म्हणून शक्य असेल तेथे नंबर टंकण्याऐवजी चिठ्ठीचे छायाचित्रच पाठवावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

साधा, कमी नंबरचा, एकाच अंतरासाठीचा चष्मा ताज्या चिठ्ठीवरून ऑनलाइन घेण्यास हरकत नाही. लहान मुले, मोठा नंबर असलेले आणि प्रोग्रेसिव्ह वापरणारे यांनी मात्र माप घेणाऱ्या माणसासमोर बसूनच चष्मा करून घेणे श्रेयस्कर.