साठवणीचा खर्च कोणी सोसावा?

के. आर. पुरमच्या झुलत्या पुलापाशी सायंकाळी सहानंतर वाहनांची रांग लागते. ही सारी मंडळी घरी पोहोचून दिवे लावतात, तेव्हा तिकडे पावगडचा सूर्य मावळलेला असतो. तुमकूर जिल्ह्यातील हा 2050 मेगावॅटचा सौर प्रकल्प शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या सुमारे 13,000 एकर जमिनीवर 2019 मध्ये पूर्ण झाला. दुपारी वीज मुबलक. सायंकाळी गिऱ्हाईक दारात आणि दुकान बंद.

यावर मध्यमवर्गाने आपापला तोडगा केव्हाच काढला आहे. आमच्या इमारतीत बहुतेक घरांत इन्व्हर्टर आणि शिशाची बॅटरी आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला या सोयीचे कौतुक वाटत नाही (घरी मीही ती बाळगतो, हे कबूल). वर्षातील बहुतेक तास हे भांडवल निव्वळ पडून असते. आणि गेलेली वीज परत आली की घरोघरच्या बॅटऱ्या एकदम ती ओढू लागतात, मग ती वेळ ऐन मागणीची का असेना. पाणीटंचाईच्या गावात प्रत्येकाने नळाला मोटर लावावी, तसाच हा प्रकार.

सामायिक साठवण आपल्याला अपरिचित नाही. अकोले तालुक्यातील घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प 2008 पासून हेच करतो: मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे, वाढली की खाली सोडून वीज घ्यायची. पण त्यासाठी डोंगर लागतो, आणि सह्याद्रीत डोंगर म्हणजे अरण्य. शरावतीच्या 2000 मेगावॅटच्या योजनेला होणारा विरोध त्यातूनच आलेला आहे. बॅटरी शहरातल्या उपकेंद्राच्या आवारात मावते आणि वारंवारता 50 हर्ट्झवरून ढळताच क्षणार्धात प्रतिसाद देते. शंभर युनिट भरल्यास सुमारे पंच्याऐंशी परत मिळतात, ही तिची किंमत.

प्रश्न आहे तो ही किंमत सोसण्याचा. केंद्राने सप्टेंबर 2023 मध्ये 4000 मेगावॅट-तास साठवणीसाठी भांडवली खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत साहाय्य मंजूर केले. ते आवश्यकच होते. परंतु दुपारच्या आणि रात्रीच्या विजेचा दर एकच राहिला, तर बॅटरीची कमाई कशातून व्हायची? त्याच वर्षीच्या नियमांनी सौर तासांत दर किमान 20 टक्के कमी आणि ऐन मागणीच्या वेळी अधिक ठेवण्यास सांगितले. शेतीखेरीज इतर ग्राहकांसाठी, म्हणजे घरांसाठीही, 1 एप्रिल 2025 ही मुदत होती.

नोकरी करणाऱ्या बाईने मग स्वयंपाक दुपारी करावा काय, असे शेजारच्या वहिनींनी मला विचारले. आक्षेप रास्त आहे. म्हणून वाढीव दराचा भार आधी पंप, वाहनांचे चार्जिंग, वातानुकूलन अशा टाळता येणाऱ्या वापरावर पडावा आणि घरातील पहिली काही युनिटे त्यातून वगळावीत, असे माझे मत आहे.

आमच्या सोसायटीच्या टाकीचा पंप अद्याप सायंकाळी सातला चालू होतो. तो दुपारी एकला लावावा, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे.