ग्रामगीता ‘कॉपीराइट फ्री’ आहे का? उत्तर कुठे शोधायचं?

तुकडोजी महाराजांची भजनं अमरावती-अकोल्यात लहानपणापासून कानावर पडतात. त्यामुळे रील बनवताना आपण धरूनच चालतो, ‘संतांचं साहित्य, त्याला कसला कॉपीराइट?’ नेटवर शोधलं तर लेखकाच्या मृत्यूनंतर कुठे ५० वर्षं सांगतात, कुठे ६०, कुठे ७०. मग खरं काय?

तिन्ही आकडे कुठे ना कुठे खरे आहेत. ७० वर्षं हा अमेरिका-युरोपातला नियम. ५० हा आपला जुना नियम. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती, तेव्हा ती वाढवून ६० केली गेली. म्हणून कुठलंही उत्तर वाचताना आधी दोन गोष्टी बघा: ते कोणत्या देशाचं आहे आणि कधीचं आहे.

आता गणित करू. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. ६० वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेल्या ग्रामगीतेची मुदत ३१ डिसेंबर २०२८ ला संपते. अमरावतीचेच सुरेश भट २००३ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गझलांची मुदत २०६३ अखेरपर्यंत. संत तुकारामांचे अभंग केव्हाच मोकळे आहेत. पण रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो, तो प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं चालतो. अभंग जुना असला तरी ऑडिओ मागच्या वर्षीचा असू शकतो.

आणि हो, ‘३० सेकंद चालतात’ असं कायद्यात कुठेच नाही. नुसतं क्रेडिट देणं म्हणजे परवानगीही नव्हे.

खात्री करायला भारताच्या कॉपीराइट ऑफिसची साइट आहे: कॉपीराइट डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटचं ‘डॉट इन’ विसरलात की थेट अमेरिकेच्या ऑफिसात पोचता! तिथली माहिती अधिकृतच, पण त्यांच्या कायद्याची. आपला कायदा १९५७ चा. मुदतीसाठी कलम २२ आणि अभ्यास, समीक्षा, बातमी यांच्या सवलतींसाठी कलम ५२ वाचा. एआयला विचारलं तर कलमाचा नंबर मागा आणि स्वतः ताडून बघा.

यूट्यूबवर ९० दिवसांत ३ कॉपीराइट स्ट्राइक आले तर चॅनेल बंद होऊ शकतं. मुदत संपली नसेल तर पुस्तकाच्या पहिल्या पानांवर हक्क कोणाचे छापलेत ते बघा आणि त्यांना लेखी विचारा.