विश्लेषण : जीएसटी घटला, सायकल स्वस्त झाली, पण ऑफिस आणि रविवारची राइड एकाच रोड बाईकवर जमेल का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि घाटातून सुसाट उतरणाऱ्या सायकलपटूंचे व्हिडीओ घराघरातल्या मोबाइलवर पोहोचले. त्यामुळे अनेकांच्या मनात एकच हिशेब सुरू आहे. आता एक चांगली रोड बाईक घ्यायची, सोमवार ते शुक्रवार तिच्यावरून ऑफिसला जायचे आणि रविवारी सिंहगड किंवा बोपदेव घाट गाठायचा. हिशेब चुकीचा नाही. मात्र दुकानात जी सायकल सर्वांत आधी डोळ्यांत भरते, ती बहुतेक वेळा रविवारच्याच कामाची असते. उरलेले पाच दिवस ती बाल्कनीत उभी राहते.

करकपातीने खरोखर किती पैसे वाचतात?

करापूर्वी ५० हजार रुपये किंमत असलेली सायकल पूर्वी ५६ हजारांना पडायची, आता ५२ हजार ५०० ला पडते. म्हणजे बचत साडेतीन हजारांची. टक्क्यांत पाहिले तर जुन्या किमतीच्या सव्वासहा टक्के, सात नव्हे, कारण कर मूळ किमतीवर लागतो. आयात सायकलींची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यावरचे सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के करण्यात आले होते आणि जीएसटीतल्या कपातीचा त्या शुल्काशी काही संबंध नाही. त्यामुळे परदेशी बनावटीची महागडी सायकल ‘निम्म्या किमतीत’ मिळू लागली, असे सांगणारे रील पाहून दुकानात जाण्यात अर्थ नाही.

बिलावर ५ टक्केच कर लावला आहे ना, हे मात्र पाहून घ्यावे. वाचलेल्या साडेतीन हजारांत वरचे मॉडेल सहसा येत नाही. मडगार्ड, पुढचा-मागचा दिवा आणि बऱ्यापैकी कुलूप मात्र येते. ऑफिसला जाणाऱ्यासाठी हाच खर्च जास्त कामाचा.

रोड बाईक म्हणजे नेमके काय?

मराठीत बाईक म्हटले की मोटारसायकलच डोळ्यांसमोर येते. सायकलच्या दुकानात रोड बाईक म्हणजे पातळ टायरची, खाली वळलेल्या हँडलची, हलकी सायकल. पण या एकाच नावाखाली दोन बऱ्यापैकी वेगळ्या जाती विकल्या जातात. एक शर्यतीची. हिच्यावर पाठ जवळजवळ आडवी होते, हँडल सीटपेक्षा खाली असते आणि टायरभोवती बोट जाईल एवढीही जागा नसते. दुसरी लांब पल्ल्याची, जिला ‘एन्ड्युरन्स’ म्हणतात. हिचे हँडल थोडे वर आणि जवळ असते, चाके किंचित लांब अंतरावर असतात आणि जाड टायर बसवायला जागा असते. फोटोत दोघी सारख्याच दिसतात. वाहनांच्या गर्दीत मान वर करून मागे-पुढे पाहावे लागते तेव्हा फरक कळतो. चौकात पीएमपीची बस डावीकडे ओढते, त्या क्षणी रस्ता दिसणे हे वेगापेक्षा महत्त्वाचे.

सरळ हँडलची हायब्रिड हा तिसरा पर्याय. रोजचा प्रवास आठ-दहा किलोमीटरचा आणि रविवारची फेरी तीस-चाळीस किलोमीटरपर्यंतची असेल तर हायब्रिड पुरेशी आहे, आणि स्वस्तही. त्याहून लांब जायचे असेल तर वळलेले हँडल उपयोगी पडते, कारण हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात आणि समोरच्या वाऱ्यात खाली वाकता येते.

सर्वांत आधी टायर

विक्रेता फ्रेम आणि गिअरबद्दल बोलू लागतो. विचारायचे असते टायरबद्दल : या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंदीचा टायर बसतो?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी शर्यतीच्या सायकलला २३ मिलिमीटरचा टायर असे आणि त्यात दगडासारखी कडक हवा भरली जाई. टायर जितका पातळ आणि कडक तितका वेग जास्त, असा समज होता. तो समज आता व्यावसायिक सायकलपटूंनीही सोडला आहे. तेही २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर वापरतात. कारण सोपे आहे. रस्ता काचेसारखा नसतो. कडक टायर प्रत्येक खडीवर उसळतो आणि सायकल-स्वाराचे सगळे वजन वर उचलतो. पुढे जाण्याऐवजी ताकद या उसळण्यात खर्च होते. जरा रुंद, जरा कमी हवेचा टायर ती खडी पोटात घेतो आणि पुढे जातो.

युरोपातल्या रस्त्यांवर हे खरे असेल तर पेव्हर ब्लॉक, रम्बलर, रस्त्याच्या पातळीपासून खाली गेलेली चेंबरची झाकणे आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे यांच्यासाठी ते दुप्पट खरे आहे. पातळ टायर खड्ड्याच्या कडेवर आदळला की ट्यूब रिम आणि कडेच्या मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. ऑफिसला जाताना सकाळी पावणेनऊला हे घडले की सायकलचे प्रेम तिथेच ओसरते. नाल्यावरच्या लोखंडी जाळीचे गज रस्त्याला समांतर असतील तर २३-२५ मिलिमीटरचा टायर थेट फटीत जाऊ शकतो. तिथे प्रश्न पंक्चरचा नसतो, तोंडावर पडण्याचा असतो.

म्हणून दोन्ही कामांसाठी सायकल घेताना निदान ३२ मिलिमीटरचा टायर बसेल अशीच फ्रेम पाहावी. ३५ ची जागा असेल तर उत्तम. इथे एक मेख आहे : माहितीपत्रकात ३२ लिहिलेले असते ते सहसा मडगार्डशिवाय. मडगार्ड लावले की तीच फ्रेम २८ वर येते. ७५ किलोच्या माणसाला ३२ च्या टायरमध्ये साधारण ६० पीएसआय हवा पुरते. शंभरच्या पुढे भरून देणाऱ्याला हात जोडून थांबवावे.

आणि एक किरकोळ वाटणारी गोष्ट. बहुतेक रोड बाईकच्या ट्यूबला बारीक, लांब ‘प्रेस्टा’ व्हॉल्व असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाचे तोंड त्याला बसत नाही. पितळेचे एक छोटे अडॅप्टर किल्लीच्या जुडग्यात अडकवले की काम भागते. ते नसेल तर भर दुपारी सायकल खांद्यावर.

सिंहगड चढायचा तर गिअर कसे पाहायचे?

शिमानोच्या क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ अशा चढत्या श्रेणी आहेत आणि चर्चा नेहमी त्यांच्यावरच अडते. खरे तर घाटात या नावांनी फरक पडत नाही, दात्यांनी पडतो. पुढचे सर्वांत लहान चक्र किती दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे किती दात्यांचे, हे दोन आकडे विचारावेत.

समजा पुढे ३४ आणि मागे २८ दाते आहेत. पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या, म्हणजे बऱ्यापैकी सावकाश पेडल मारले, तरी वेग ताशी नऊ किलोमीटरच्या वर राहतो. स्वार ७५ किलोचा, सायकल-सामान १३ किलो आणि चढ आठ टक्क्यांचा असेल तर त्या वेगाला साधारण १९० वॅट ताकद लागते. सराव नसलेल्या माणसाला ती सलग अर्धा-पाऊण तास काढणे फार कठीण. मागे ३४ दात्यांचे चक्र असेल तर त्याच साठ फेऱ्यांना वेग पावणेआठपर्यंत खाली येतो आणि गरज १६० वॅटच्या आत येते. घाट तोच, माणूस तोच, पण एक जण वर पोहोचतो आणि दुसरा वळणावर उतरून सायकल ढकलतो. ढकलण्यात काही कमीपणा नाही, फक्त साठ हजार त्यासाठी मोजलेले नसतात. गुडघ्यांचे दुखणे सुरू होते तेही इथेच : जड गिअरमध्ये, सावकाश, अंगाचा भार टाकून.

म्हणून मागे किमान ३२ आणि जमल्यास ३४ दाते असावेत. ‘नंतर बदलून देऊ’ हे उत्तर ऐकून लगेच समाधान मानू नये. मागचा कॅसेट मोठा केला की कधीकधी डिरेलरही लांब बाहीचा घ्यावा लागतो आणि चेनही. तो खर्च आधीच विचारून घ्यावा.

श्रेणींचे म्हणाल तर रोजच्या वापराला आठ किंवा नऊ गिअरची सायकल गरीब बिचारी नाही. तिची चेन आणि कॅसेट स्वस्त पडतात, गावोगावी मिळतात आणि धुळीत-चिखलात जरा जास्त सोसतात. बारा गिअरची नजाकत सुंदर आहे, पण चेन बदलायची वेळ आली की तिचा हिशेब कळतो. आणि रोज सायकल चालवणाऱ्यावर ती वेळ दरवर्षी येऊ शकते.

दोन किलो कमी करण्यासाठी वीस हजार?

स्वार आणि सायकल मिळून ८८ किलो धरले तर त्यातले दोन किलो म्हणजे सव्वादोन टक्के. पन्नास मिनिटांच्या चढाला जेमतेम एक मिनिट वाचते. शर्यतीत एक मिनिट म्हणजे सर्वस्व. रविवारी वर पोहोचून पिठलं-भाकरी खाणाऱ्याला ते मिनिट कुठे ठेवायचे, हा प्रश्न पडावा. सोमवारी तर पाठीवर लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली आणि कुलूप मिळून चार-पाच किलो असतातच.

ते पाठीवर का असावेत, हा खरा मुद्दा. पाठीवरच्या सॅकने घाम दुप्पट येतो आणि कंबर धरते. कॅरिअर लावून बाजूला पिशवी टांगली की दोन्ही सुटते. मात्र त्यासाठी मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखाली फ्रेमला स्क्रूची भोके असावी लागतात. शर्यतीच्या अनेक फ्रेमना ती नसतात, आणि कार्बनच्या फ्रेमवर पट्टी आवळून कॅरिअर बसवणे धोक्याचे. दुकानात सायकल उलटसुलट करून ही भोके स्वतः पाहावीत. मडगार्डची भोके वेगळी असतात, तीही पाहावीत. जुलैत मडगार्डशिवाय ऑफिसात पोहोचलेल्या माणसाच्या पाठीवर चिखलाची जी उभी रेघ असते, ती मीटिंगमध्ये लपत नाही.

ब्रेक डिस्क असावेत. पावसात रिम ओली झाली की रबरी पट्ट्या उशिरा पकडतात, आणि चिखलाची वाळू रिमच घासून काढते. तारेवरचे डिस्क ब्रेक कोणताही कारागीर अ‍ॅलन की घेऊन नीट करतो. तेलावरचे ब्रेक जास्त मऊ आणि ताकदवान, पण दुरुस्तीला जाणकार हवा. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने तारेवरचेच घ्यावेत.

माप चुकले तर बाकी सगळे वाया

उंची विचारून सायकल देणारी दुकाने अजून आहेत. सारख्याच उंचीच्या दोघांचे पाय आणि हात वेगळ्या लांबीचे असू शकतात. सीटची उंची नंतर बदलता येते. सीट ते हँडल हे अंतर थोडेच बदलते. मोठी फ्रेम सवलतीत मिळते म्हणून घेतली, तर तळहात बधिर होणे, मान अवघडणे हे महिन्याभरात ठरलेले. दुकानासमोरच्या दोन चकरांत हे कळत नाही. अर्धा तास, गर्दीच्या रस्त्यावर, ऑफिसची सॅक घेऊन चालवू दिली तरच खरे. नाही म्हणणाऱ्या दुकानातून निघावे.

एक सायकल की दोन?

या सगळ्यावर मात करणारा एक प्रश्न घरी बसूनच सुटतो : ऑफिसात सायकल कुठे ठेवणार? वॉचमनच्या नजरेसमोर, छताखाली, फ्रेम खांबाला कुलूपबंद करता येईल अशी जागा असेल तर एक एन्ड्युरन्स सायकल दोन्ही कामे नीट करते. रस्त्याकडेच्या झाडाला बांधून ठेवायची असेल तर साठ हजारांची सायकल दिवसभर डोक्यात राहते, कामात लक्ष लागत नाही, आणि पंधरा दिवसांत दुचाकी पुन्हा बाहेर निघते. अशा वेळी दहा-बारा हजारांची साधी, मडगार्ड-कॅरिअर-स्टँडवाली सायकल ऑफिसला आणि उरलेल्या पैशांत जरा साधी किंवा वापरलेली रोड बाईक रविवारला, ही विभागणी अधिक शहाणपणाची. वापरलेली घेताना चेन किती ताणली आहे ते मोजून घ्यावे आणि मूळ बिल मागावे. बिल नसलेली सायकल कितीही स्वस्त असली तरी ती कुणाच्या तरी पार्किंगमधून आलेली असू शकते.

नवी घेतली तर महिन्याभराने ती पुन्हा दुकानात न्यावी. नव्या तारा सुरुवातीच्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये सैल होतात आणि गिअर अडखळू लागतात. पहिली सर्व्हिस बहुधा फुकट असते, फक्त ती मागावी लागते.