अल्काट्राझची रात्र आणि विसरलेले बाप

१/ सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात अल्काट्राझ नावाचे खडकाळ बेट आहे. तेथील जुन्या तुरुंगात शालेय व युवा गटांना रात्रभर मुक्काम करू देणारा शैक्षणिक उपक्रम राबवला गेला. मुले कोठडीत पथारी पसरत. अशा रात्री अल कपोनची गोष्ट हमखास निघते. निघायला हवी ती गोष्ट वेगळीच आहे.

२/ जानेवारी १८९५. ॲरिझोनातील होपी जमातीच्या १९ पुरुषांना कैदी म्हणून या बेटावर आणले गेले. त्यांनी ना दरोडा घातला होता, ना खून केला होता. पोटच्या मुलांना सरकारी शाळेत धाडण्यास आणि शेतजमिनीची सरकारी वाटणी मान्य करण्यास त्यांनी नकार दिला होता.

३/ त्या काळच्या सरकारी निवासी शाळांत मूलनिवासी मुलांचे केस कापत, नावे बदलत, मातृभाषा बोलल्यास शिक्षा करत. नकार अज्ञानातून नव्हे, अनुभवातून आला होता. बेटावरून त्यांची सुटका झाली ती त्याच वर्षी.

४/ आक्षेप येईल : आजची तुरुंग-इमारत १९१२ मध्ये पूर्ण झाली, होपी तिच्यात नव्हतेच. खरे आहे. पण इतिहास भिंतींपुरता मोजायचा, तर खडकाचे काय? बेट तेच आहे.

५/ कपोनचा संघीय तुरुंग १९३४ ते १९६३ चालला, म्हणजे अवघी २९ वर्षे. त्याआधी कित्येक दशके तेथे लष्करी बंदिवास होता. चित्रपटांनी २९ वर्षे अजरामर केली. बाकीच्यांना तळटीपही मिळाली नाही.

६/ २० नोव्हेंबर १९६९ रोजी मूलनिवासी तरुणांनी बेटाचा ताबा घेतला आणि तो जून १९७१ पर्यंत टिकवला. त्या काळात त्यांनी तेथे स्वतःच्या मुलांसाठी शाळा चालवली. शाळेपायी जेथे बापांना डांबले, तेथेच आपली शाळा! इतिहासाचे असे उत्तर विरळाच.

७/ ‘मुलांच्या कोवळ्या मनावर हे ओझे कशाला?’ हा प्रश्न फसवा आहे. ज्यांना टोळीप्रमुखाचे किस्से पेलतात, त्यांना मुलांसाठी कैद पत्करणारा बापही पेलतो. जड जाते ते मोठ्यांना. कारण या गोष्टीत आरोपी शाळाच आहे.

८/ म्हणून अशा मुक्कामात दिवे मालवण्यापूर्वी एकच प्रश्न मुलांपुढे ठेवावा : शाळेला नकार देणे हा गुन्हा कोणी ठरवला, आणि कोणासाठी? तो विचारला नाही, तर ती रात्र केवळ सहल ठरते.